चेतकचं किट आणलं, आप्पा म्हणाले "हे नव्हे ते"

शहापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहालोय, थोडं लांबेल.

आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत, आता अडुसष्ट वय. १९८७ च्या हिवाळ्यात सियाचिनला वरच्या एका पोस्टवर असताना पायाला फ्रॉस्टबाइट झालं, हेलिकॉप्टरनं वेळेत खाली आणलं म्हणून पाय राहिला, दोन बोटं गेली. घरात लहानपणापासून "चेतकनं आणलं" असंच ऐकत आलोय, खरं ते आई सांगायची, आप्पा स्वतः त्यावर कधी दोन वाक्याच्या वर बोलले नाहीत. तर दिवाळीपर्यंत त्यांना ते हेलिकॉप्टर करून द्यायचं असं डोक्यात घेतलं आणि हेलर कंपनीचं अलुएट थ्रीचं प्लास्टिक मॉडेल किट मागवलं, १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, कारण चेतक म्हणजे एचएएलनं बेंगळूरला बनवलेलं अलुएट थ्रीच, एवढं वाचून माहीत होतं.

परवा टेबलावर सगळं पसरून बसलो होतो, आप्पा आले, बॉक्सवरचं चित्र उचलून दाराच्या उजेडात नेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे नव्हे ते. त्याला चाकं नव्हती. आणि मागचं शेपूट शिडीसारखं होतं, आरपार दिसायचं." बॉक्स ठेवला आणि गेले आत. मला काय बोलायचं सुचलंच नाही.

आता माझे प्रश्न असे आहेत की किट चुकलंच काय, चुकलं असलं तर यातलं काही वापरता येतंय काय, आणि आजवर दोन रणगाडे आणि एक विमान एवढंच केलेल्या माणसाला हे जमेल काय. आतापर्यंत फक्त सीटा चिकटवल्यात आणि बॉडीचे दोन भाग नुसते जुळवून बघितलेत. पुढची काच सुपर ग्लूनं लावायला गेलो तर आतून पांढरी झाली. आणि व्हिडिओ बघून रोटरची पाती गरम पाण्यात घालून खाली वाकवलीत.

चिकोडी_७२

आप्पांचं शंभर टक्के बरोबर आहे. ते चीता. आपल्याकडं लोक दोन्हीला चेतकच म्हणतात, त्यात वहिनींची, म्हणजे तुमच्या आईंची काय चूक नाही.

फरक लांबूनही कळतो. चेतकला तीन चाकं, बंद शेपूट, रुंद केबिन, पायलट धरून सात माणसं. चीताला खाली स्किड, म्हणजे चाकांऐवजी नळ्यांचे दोन पाय, केबिन लहान, पाच माणसं, आणि केबिनच्या मागं सगळी उघडी नळ्यांची जाळी. चीता म्हणजे फ्रेंच एसए ३१५बी लामा, एचएएलनं परवान्यावर बनवलेलं. आणि हे लामा मुळात आपल्यासाठीच आखलेलं आहे, १९६८ मध्ये भारताला हिमालयात चालणारं हलकं हेलिकॉप्टर पाहिजे होतं म्हणून काम सुरू झालं, १७ मार्च १९६९ ला पहिलं उडालं. २१ जून १९७२ ला झाँ बुले यांनी एक लामा १२,४४२ मीटरवर नेलं, वर गेल्यावर इंजिन बंद पडलं आणि तिथनं ते नुसत्या फिरत्या रोटरवर खाली उतरले. असलं यंत्र आहे ते, म्हणून तर सियाचिनला चाललं.

आता माझा सल्ला, राग मानू नका. हे किट कापू नका. चेतक म्हणूनच नीट पूर्ण करा, हात बसू दे, आणि चीता पुढच्या वर्षी करा. पहिल्याच हेलिकॉप्टरला स्क्रॅचबिल्ड, म्हणजे भाग स्वतः हातानं बनवायचं काम, घ्यायचं म्हणजे दोन्ही हातचं जातंय.

निवृत्त_क्राफ्ट्समन

मी निपाणी भागातला. सैन्याच्या ईएमईत, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो, चेतक आणि चीता दोन्हीवर हात काळे केलेत, म्हणून बोलतो.

पोरा, किट चुकलं म्हणून वाईट वाटून घेऊ नको, अर्धं चीता तुझ्या बॉक्समध्ये आहे. लामा बनवताना फ्रेंचांनी अलुएट टू ची बॉडी मजबूत करून घेतली आणि तिच्यावर अलुएट थ्री चं इंजिन आणि रोटर बसवलं. म्हणजे आर्टूस्ट थ्री-बी इंजिन, मेन गिअरबॉक्स, रोटर हेड, तीन पाती, हे सगळं तुझ्या स्प्रूवर, म्हणजे किटचे भाग अडकलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर आहेच. हेलिकॉप्टरमधलं सगळ्यात किचकट तेच असतंय. तुला करायचंय ते केबिन, जाळी आणि स्किड.

रोटर मोजून घे. खऱ्या रोटरचा व्यास ११.०२ मीटर, म्हणजे १/७२ ला १५३ मिमी, मधल्या खिळ्यापासून पात्याच्या टोकापर्यंत साधारण साडेशहात्तर. कमी भरलं तर आत्ताच बघ, नंतर रंगावर हात लावायला लागू नये. दुसरं, हे फ्रेंच रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. हबवर, म्हणजे पाती जिथं जोडलेली असतात त्या मधल्या भागावर उभा राहून पात्याच्या टोकाकडं बघतोयस असं धर, जाड गोल कड उजव्या हाताला आली पाहिजे आणि पातळ कड डाव्या. चांगली चांगली मॉडेलं बघितलीत मी ज्यात पाती उलटी लावलेली असतात, आणि ज्यानं पातं खांद्यावर घेऊन चढवलंय त्याला ते लगेच खुपतं.

आणखी एक, तिन्ही पात्यांच्या मुळाशी एकातनं दुसऱ्याला जोडणारी बारीक केबल असते, पात्यांमधलं अंतर सारखं राहायला. किटमध्ये ती नसणार. घरातल्या फ्लेक्झिबल वायरमधली एक तार सोडवून घे आणि ओढून लाव, एवढ्यानं रोटर हेड जिवंत दिसायला लागतं.

इंजिन उघडंच असतं, वर झाकण नाही, म्हणून तिथंच वेळ घाल. तेलाच्या आणि इंधनाच्या नळ्या, क्लॅम्प, एक्झॉस्टचा जळका पिवळट-निळा रंग. फोटो पाहिजेत तर गोव्यात दाबोळीला नेव्हीचं एव्हिएशन म्युझियम आहे, तिथं चेतक उभं आहे. बेळगावहून चोर्ला घाटानं सकाळी निघालास तर संध्याकाळी परत येशील. इंजिन आणि हब चीतालाही तेच, त्यामुळं सगळ्या बाजूंनी फोटो काढ, खालनं वर बघूनसुद्धा.

चिकोडीकरांचं म्हणणं रीतीला धरून आहे, खरं वडील अडुसष्टचे आहेत आणि त्यांनी स्वतः तोंडानं सांगितलंय कसं होतं ते. मी असतो तर चीताच केलं असतं.

शहापूरचा_पोरगा

काका, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही. चीताच करायचं ठरवलं. चिकोडीकर दादा, तुमचं पटतंय, खरं आता आप्पांच्या समोर चाकांचं हेलिकॉप्टर ठेवायला मन होईना.

जाळी कशानं करू? प्लास्टिक रॉड बघितला, वाकतो आणि जाड दिसतो.

पॅटर्नवाला

बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवतो, बावीस वर्षं झाली, हेलिकॉप्टर कधी केलं नाही, खरं हा धागा वाचून बोलल्याशिवाय राहवेना.

जाळी प्लास्टिकची करू नकोस. कोणत्याही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा आणि २७ गेजची तांब्याची वाइंडिंग वायर माग, हातभर तुकडा असाच देतील. २७ गेज म्हणजे ०.४२ मिमी. खरी नळी ३० मिमीची धरली तर १/७२ ला बरोबर तेवढीच येते. आडव्या-तिरप्या नळ्या बारीक असल्या तर त्यांना ३० गेज घे, ०.३१ मिमी. दोन जाडी वापरलीस की डोळ्याला खरं वाटतंय, एकच जाडी सगळीकडं असली की कोंबड्याची जाळी दिसते.

वायरवर इनॅमल असतंय ते पॉलिश पेपरनं खरवडून काढ नाहीतर सोल्डर धरणार नाही. वायर सरळ करायची तर एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं पक्कडीत धरून हळू ओढ, किंचित ताणली की दोरीसारखी सरळ होते आणि जरा कडकही होते. मग जिग, म्हणजे वायर जागेवर धरून ठेवणारा पाट. बाजूचा आणि वरचा असे दोन फोटो १/७२ ला प्रिंट काढ, एमडीएफच्या तुकड्यावर चिकटव, नळीच्या दोन्ही बाजूंना टाचण्या ठोक आणि वायर त्या टाचण्यांमध्ये बसवून सोल्डर कर. आधी एक बाजू, मग दुसरी, मग दोन्ही उभ्या करून मधले तिरपे. शेजारचा जॉइंट सुटतो ही खरी डोकेदुखी आहे, त्याला उपाय एकच, आधी झालेल्या जॉइंटवर ओल्या कापसाची गुंडाळी ठेवायची, उष्णता तिथंच थांबते. सोल्डर टाचणीच्या डोक्याएवढंसुद्धा नको. जास्त झालं तर फाइलनं काढताना वायर तुटते.

त्रिकोण मोजून कर. किती खण आहेत ते फोटोत मोज आणि तेवढेच कर, एक कमी नाही एक जास्त नाही. आप्पा मोजतील बघ.

आणि किटच्या ज्या भागांना तू हात लावणार आहेस, गिअरबॉक्स, इंजिन, त्यावर साच्याची पार्टिंग लाइन असेल, ती आधी ब्लेडच्या पाठीनं खरवड. कास्टिंगमध्ये आम्ही त्यालाच फेटलिंग म्हणतो, ते केल्याशिवाय माल बाहेर जात नाही. गोल भागावर ती रेघ राहिली की कितीही भारी रंग मारलास तरी प्लास्टिक ते प्लास्टिकच.

काचेचा फुगा कसा करणार आहेस? चेतकची काच चालणार नाही, ती रुंद आहे.

शहापूरचा_पोरगा

मामा, काचेचंच टेन्शन आहे. एक तर ती पांढरी झालेली, आणि आता आकारही वेगळा पाहिजे.

खानापूर_पाऊस

काचेचं मी सांगते, मी आर्किटेक्चरल मॉडेल करते, घुमट आणि स्कायलाइट करून करून बोटं पोळलेत.

आधी पांढऱ्या काचेचं. सुपर ग्लूची वाफ बसते ती. पारदर्शक भागाला तो ग्लू कधीच लावायचा नाही, फेविकॉल लावायचा, वाळला की दिसत नाही आणि चुकलं तर ओल्या फडक्यानं निघतो. पांढरेपणा वरवरचा असेल तर दोन हजारच्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासून मग टूथपेस्टनं पॉलिश करा, बऱ्यापैकी परत येते, ती चेतकची काच जपून ठेवा, पुढंमागं लागेल.

आता चीताचा फुगा. लाकडाचा साचा कोरायचा, पॅटर्नवाले मामांना हे झोपेत येईल. तो नेहमी काचेच्या जाडीएवढा लहान ठेवायचा, म्हणजे शीट अर्धा मिमी असेल तर सगळीकडनं अर्धा मिमी कमी, नाहीतर फुगा मोठा होतो आणि केबिनवर बसत नाही. शीट कुठली? कुंद्याच्या डब्याचं पारदर्शक झाकण. खरंच सांगते, बेळगावात राहून विकत शीट आणायची गरज नाही, पातळ आणि स्वच्छ असतं ते. प्लायला साच्याच्या आकाराचं भोक पाडा, वर झाकणाचं प्लास्टिक चारी बाजूंनी पिनांनी घट्ट लावा, हीट गननं किंवा गॅसवर लांबून गरम करा, मधे सैल होऊन लोंबायला लागलं की साचा खालनं एका दमात दाबायचा. थांबलात की सुरकुती पडते. पाच-सहा वाया जातील, सातवा चांगला निघेल, म्हणून झाकणं जमवायला लागा, पै-पाहुण्यांना सांगून ठेवा. खिडक्या उघड्या ठेवून करा, गरम प्लास्टिकचा धूर छातीत जातो.

काचेवरच्या पट्ट्या ब्रशनं काढू नका. मास्किंग टेपवर ऑलिव्ह रंग मारा, वाळल्यावर स्टीलपट्टी ठेवून एक मिमीच्या पट्ट्या कापा आणि त्या चिकटवा. सरळ येतात.

आणि शेवटचं, रंग. आमच्या खानापूरकडं जून ते सप्टेंबर हवेत नुसतं पाणीच असतं, तुमच्याकडं शहापुरात जरा कमी एवढंच. अशा हवेत स्प्रेचा लॅकर मारला की ओल धरून पांढरट ढग येतो. दिवाळीची घाई असली तरी पाऊस सुरू असताना मारू नका. दुपारी उघडीप मिळाली तर कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, मॉडेल बल्बच्या उबेत सुकवायचं, आणि पातळ तीन हात द्यायचे.

चिकोडी_७२

ठीक आहे, मी हरलो, करा चीता. खरं रंगाआधी एक गोष्ट आप्पांना विचारा. सियाचिनला चीता दोघांचे होते. वायुदलाची ११४ हेलिकॉप्टर युनिट लेहहून उडायची, आणि आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ ला वेगळी झाली, म्हणजे आप्पांच्या वेळी ती नवीकोरी होती. त्यामुळं डोळे झाकून "आर्मी" लिहू नका. वायुदलाचं असेल तर गोल चिन्ह येईल, मधे हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. डिकल्स (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) उलट छापलेले बघितलेत मी, म्हणून क्रम सांगितला. वायुदलाचं ठरलं तर नंबर झेड ने सुरू होईल.

निवृत्त_क्राफ्ट्समन

चांगलं सांगितलं. नंबर आठवत नसेल तर खोटा टाकू नका, मी तरी टाकणार नाही. ज्या कोनात नंबर दिसत नाही असा ठेवता येतो.

वडिलांना विचार, आत कुठं बसवलं होतं, दार होतं की काढलेलं होतं, मागं आणखी कोण होतं. वजन वाचवायला वर जाताना बरंच सामान काढून ठेवायचे. त्यांना आठवेल तेवढंच आत घाल.

शहापूरचा_पोरगा

तीन आठवड्यांनी लिहालोय, मधे दाबोळीला जाऊन आलो, चोर्ल्यात धो धो पाऊस होता खरं म्युझियममध्ये पोचलो तेव्हा उघडलं होतं, चेतकच्या इंजिनचे आणि हबचे ऐंशी-नव्वद फोटो काढले. काका, ती केबल दिसली की ओ! तुम्ही सांगितलं नसतं तर मी ती फोटोतसुद्धा बघितली नसती.

जाळी दोनदा फसली. पहिल्यांदा सोल्डर जास्त झालं, दुसऱ्यांदा शेवटच्या खणात पिळली. तिसरी परवा रात्री एक वाजता सरळ उभी राहिली. पॅटर्नवाले मामांनी लाकडाचा साचा स्वतः करून पाठवला, सागवानाचा, एवढा गुळगुळीत की दाबून मोडायची भीती वाटते. फुगा नवव्या झाकणाला आला, ताई, तुम्ही सातवा म्हणाला होता.

काल जाळी, इंजिन आणि केबिनचा सांगाडा टेपनं तात्पुरता जोडून आप्पांच्या समोर ठेवला. चष्मा लावून त्यांनी खरोखरच खण मोजले, मामा. मग बोटानं मागची सीट दाखवली, म्हणाले मी इथं, डावीकडं, पाय पोत्यात गुंडाळलेला, शेजारी दुसरा एक पोरगा होता त्याला श्वास लागत नव्हता, दार बंद होतं. बाहेरचं चिन्ह आठवत नाही म्हणाले, डोळे बर्फानं दुखत होते. एवढं मी पहिल्यांदा ऐकलं, आईनंसुद्धा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मधे बोलली नाही.

मग त्यांचं लक्ष पात्यांवर गेलं. म्हणाले ही अशी खाली का लोंबालीत. मी सांगितलं, आप्पा, उभं असताना वजनानं पाती खाली झुकतात, तसं मुद्दाम वाकवलंय. तर म्हणाले, "ते उभं कुठं होतं? त्यानं पंखा बंदच केला नाही. आम्हाला वाकून उचलून आत टाकलं आणि निघालं."

काका, मग आता पाती कशी ठेवायची? काही लोक फिरता पंखा दाखवायला पारदर्शक चकती लावतात, तसं करू काय?

निवृत्त_क्राफ्ट्समन

बंद करत नव्हते बरोबर आहे. तेवढ्या उंचीवर आणि तेवढ्या थंडीत बंद केलं तर परत चालू होईल याची खात्री कुणी द्यायची. इंजिन चालू ठेवूनच माणूस चढवायचा.

चकती लावू नको, मला तरी ती कधी खरी वाटली नाही, आणि एवढं केलेलं हब तिच्याखाली झाकून जाईल. फिरत्या रोटरला झोल नसतो, फिरण्याच्या ओढीनं पातं ताठ सरळ येतं. तर पाती सरळ कर. ज्या गरम पाण्यात वाकवलीस त्यातच परत घाल, काचेच्या तुकड्यावर सपाट दाबून धर, वर थंड पाणी ओत आणि हलवू नको. तीनही एका पातळीत आली पाहिजेत, एक जरी वरखाली राहिलं तरी डोळ्याला कळतं. केबल आधी लावली असशील तर सोडव, नंतर लाव.

पॅटर्नवाला

काच नको, माझ्याकडं ग्राइंड केलेली सरफेस प्लेट आहे, रविवारी येऊन त्यावर कर. आप्पांना पण घेऊन ये.

शहापूरचा_पोरगा

केबल सोडवली. रविवारी अकरापर्यंत येतो मामा, आप्पा आत्तापासून विचारालेत उद्यमबागला कुठल्या बसनं जायचं.